चिठ्ठी घरी आली, पुढं काय?

जून उजाडला की घराघरांत एकच धांदल उडते. वह्या-पुस्तकं, दप्तर, गणवेश, रेनकोट, एसटीचा पास. मुलीचं नाव कोणत्या तुकडीत आलं, गणिताला कोण सर आहेत, क्लास लावायचा की नाही, हे सगळं आपण अगदी खोदून खोदून विचारतो. पण एक प्रश्न आपल्यापैकी फार थोड्या जणी विचारतात. शाळेच्या वेळेत मुलीच्या पोटात कळ आली, चक्कर आली, नाकातून रक्त आलं, तर तिच्याकडे बघणारं तिथं कोण आहे?

उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गातल्या बाई तिला स्टाफरूममधल्या बाकावर आडवं करतात. शिपाईमामा पाणी आणून देतात. कपाटातल्या प्रथमोपचार पेटीत कधीकाळचं आयोडिन आणि कापसाचं पुडकं सापडतं. मग घरी फोन. आई शेतावर किंवा कामावर असली तर फोन वाजत राहतो, आणि मुलगी शाळा सुटेपर्यंत बाकावर पडून राहते.

जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात स्टाफ नर्सचं पद असतं, कारण मुलं तिथंच राहतात. आपल्या गावच्या, तालुक्याच्या हायस्कुलात मात्र शिक्षक असतात, लिपिक असतात, शिपाई असतो. नर्स बहुधा नसतेच. आणि नसते, याचं आपल्याला काही वाटतही नाही. "शाळा शिकायला असते, दवाखाना वेगळा," असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

महिला मंडळाच्या कामानिमित्त तालुक्यातल्या शाळांमध्ये माझं जाणं-येणं असतं. त्यात ऐकलेली-पाहिलेली एक गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण अशी मुलगी प्रत्येक शाळेत आहे.

नववीतली मुलगी. फार हुशार नाही, ढ नाही, मधल्या बाकावरची. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमीत ती चक्कर येऊन पडली. "आजकालच्या मुली बारीक व्हायच्या नादात काही खात नाहीत," असं कुणीतरी म्हणालंही. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ६.९. या वयाच्या मुलीला ते निदान १२ तरी हवं. आठच्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय, ज्याला आपण साध्या भाषेत पांढरेपणा म्हणतो.

डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी तपासलं नव्हतं का?" तेव्हा सोबत आलेल्या मैत्रिणीनं तिच्या दप्तरातली कंपासपेटी उघडली आणि चार घड्या घातलेला एक कागद काढला. जुलै महिन्यात शाळेत आलेल्या आरोग्य पथकाची ती चिठ्ठी होती. 'तीव्र रक्तक्षयाची लक्षणं, पुढील तपासणीसाठी रुग्णालयात पाठवावे,' अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलेलं. जुलै ते डिसेंबर. पाच महिने ती चिठ्ठी रोज शाळेत येत होती, रोज घरी जात होती. दवाखान्यात मात्र गेली नव्हती.

आई रोजंदारीवर जाणारी. ती म्हणाली, "ताई, पोरगी म्हणली होती कागद दिलाय म्हणून. इंग्रजीत होता. मला वाटलं फी-बीचा असंल. आन् दवाखान्यात जायचं म्हंजे अख्खा दिवस जातो, रोज बुडतो."

रुग्णालयातल्या सिस्टरनी मुलीला पडद्याआड नेऊन हळूच विचारलं, "पाळी किती दिवस असते गं?" मुलगी म्हणाली, "नऊ-दहा दिवस." तिला वाटत होतं, सगळ्यांनाच तसं असतं. तिला हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

आता सांगा, यात चूक कुणाची? पथकानं तपासलं, निदान केलं, चिठ्ठी दिली. शाळेनं तपासणीसाठी दिवस दिला. मुलीनं घरी सांगितलं. आईनं आपल्या परीनं संसाराचा हिशेब मांडला. प्रत्येकानं आपापला वाटा उचलला. पण चिठ्ठी आणि दवाखाना यांच्यामध्ये उभं राहणारं कुणी नव्हतं. "चिठ्ठी दिली होती, गेलात का? का नाही गेलात? उद्या मी येते सोबत," असं म्हणणारं कुणी नव्हतं. हे म्हणणारीचं नाव आहे शाळेची नर्स.

तपासणी होते, हे आधी कबूल करू

सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं सोपं असतं, पण ते खरं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघर इथून ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा हेतू. तालुक्यातलं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा येतं. पथकात दोन डॉक्टर असतात, एक पुरुष आणि एक स्त्री. सोबत एक नर्स आणि एक औषधनिर्माता. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वं व लोह यांची कमतरता, मुलांमधले आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गटांतल्या तीस तऱ्हांच्या दोषांकडे ते बघतात. काही सापडलं तर पुढच्या रुग्णालयात पाठवतात आणि उपचार, अगदी गरज पडली तर शस्त्रक्रियाही, मोफत होते. हृदयाला छिद्र असलेली, ओठ फाटलेली कितीतरी मुलं यामुळं बरी झाली आहेत.

म्हणजे योजना चांगली आहे. पण वर्षातला एक दिवस पथकाचा, आणि उरलेले दिवस कुणाचे? शाळा वर्षाला दोनशेहून जास्त दिवस भरते. पथक येतं त्या दिवशी मुलगी गैरहजर असेल तर ती थेट पुढच्या वर्षी. हजर असेल आणि चिठ्ठी मिळाली, तर ती चिठ्ठी कंपासपेटीत. पथकाच्या लोकांनाही किती शाळा, किती अंगणवाड्या बघायच्या असतात. एकेका मुलीच्या घरी जाऊन "गेलात का" हे विचारायला ते तरी कुठून येणार?

सव्वाशे वर्षांपूर्वीची तीच अडचण

ही अडचण आपल्याकडचीच आहे असं समजू नका. सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात अगदी हेच घडत होतं. तिथल्या शाळांमध्ये डॉक्टर येऊन मुलांना तपासायचे. कुणाला खरूज, कुणाला गजकर्ण, कुणाच्या डोक्यात उवा, कुणाचे डोळे आलेले. अशी मुलं सापडली की त्यांच्या हाती कागद द्यायचे आणि घरी पाठवायचे, बरं होईपर्यंत शाळेत यायचं नाही. आईबाप परमुलखातून आलेले, गरीब. कित्येकांना तो कागद वाचताच येत नसे. मुलं उपचाराविना गल्लीत खेळत राहायची आणि शाळेबाहेर पडायची ती पडायचीच.

गोरगरिबांच्या वस्तीत काम करणाऱ्या लिलियन वॉल्ड या परिचारिकेनं शहराच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, "माझी एक नर्स महिनाभर वापरून बघा." लीना रॉजर्स या तिच्या सहकारी परिचारिकेनं १ ऑक्टोबर १९०२ रोजी काम सुरू केलं. चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुलं! ती काय करायची? शाळेतच जखम धुऊन मलमपट्टी करायची. ज्यांना शाळेबाहेर काढलं त्यांच्या घरी जायची, आईला हातानं करून दाखवायची, की औषध असं लावायचं, केस असे विंचरायचे. मूल परत शाळेत आलं की पुन्हा बघायची. महिन्याभरातच अधिकाऱ्यांना पटलं आणि आणखी नर्सेस नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळं १०,५६७ मुलं शाळेबाहेर काढली गेली होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तो आकडा १,१०१ वर आला.

डॉक्टर तेच, आजार तेच, कागदही तोच. फक्त त्या कागदामागून कुणीतरी घरापर्यंत चालत गेलं.

आपल्या देशातली गोष्टही तितकीच जुनी आहे. १९०९ मध्ये बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. आपल्याकडची ती पहिली मानली जाते. तिथं राज्य होतं सयाजीराव गायकवाड महाराजांचं, मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १९४६ मध्ये भोर समितीनं आरोग्यसेवेचा आढावा घेतला, तेव्हा शाळकरी मुलांसाठीची सेवा जवळजवळ नाहीच, असं तिला दिसलं. १९६० मध्ये रेणुका राय या बाईंच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली. म्हणजे विचार झाला नाही असं नाही. पण आपल्या हायस्कुलाच्या फाटकातून नर्स काही आत आली नाही.

नववीत खिचडी थांबते

"आठवड्याला गोळी देतात की शाळेत!" असं एका पालकसभेत एक ताई म्हणाल्या. बरोबर आहे. सहावी ते बारावीच्या मुला-मुलींना आठवड्यातून एक निळी गोळी मिळायला हवी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते. ती जंताची गोळीही महत्त्वाची, कारण पोटात जंत असले तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. गोळी आहे, पोटात जात नाही, असं का होतं?

मी मुलींशीच बोलले. त्या म्हणाल्या, "काकू, गोळी घेतली की मळमळतं." "माझ्या बहिणीला उलटी झाली, म्हणून आम्ही सगळ्यांनी खिडकीतून टाकल्या." "शौचाला काळं होतं, आई म्हणाली घेऊ नको." आता गंमत बघा. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. आठवीपर्यंत खिचडी खाल्ल्यावर गोळी घेतली जाते आणि सोसते. नववीत खिचडी थांबते, गोळी मात्र चालू राहते. सकाळची शाळा, घरून चहा-बिस्किटावर निघालेली मुलगी, आणि रिकाम्या पोटी लोहाची गोळी! मळमळणार नाही तर काय? आणि वर चहा. चहा लोह अंगी लागू देत नाही.

हे कुणी समजावून सांगायचं? गोळी वाटणाऱ्या सरांना मुली पाळीबद्दल, शौचाबद्दल विचारणार आहेत का? शाळेत एक सिस्टर असती, तर तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं: नववी-दहावीला गोळी डबा खाल्ल्यावरच घ्या. गोळीच्या मागंपुढं तासभर चहा नको. शौच काळं होतं ते लोहामुळं, घाबरू नका. जेवणात लिंबू पिळा, आवळा-पेरू खा, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. मोड आलेली मटकी, हरभरे, पालेभाजी पोटात जाऊ द्या. आणि ज्या मुलीचं रक्त फारच कमी आहे, तिला आठवड्याची एक गोळी पुरत नाही. तिला डॉक्टरांकडंच न्यायला हवं.

आणखी एक गोष्ट विदर्भातल्या आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या मैत्रिणींसाठी. तिकडं सिकलसेलचा आजार बऱ्याच घरांत आहे. तिथला पांढरेपणा नुसत्या लोहाच्या गोळीनं जात नाही. हाडं-सांधे वारंवार दुखणारी, सारखी आजारी पडणारी मुलगी 'नाटकं करते' असं म्हणण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम आहे.

आम्ही केलं ते एवढंच

त्या नववीतल्या मुलीनंतर आम्ही काही जणी मुख्याध्यापकांना भेटलो. ते वैतागलेलेच होते. म्हणाले, "ताई, माझ्या शिक्षकांनी शिकवायचं, जनगणना करायची, निवडणूक करायची, की इंजेक्शनं द्यायची?" त्यांचं काही चुकत नव्हतं. शाळेत कुणाला तरी आणखी एका कामाला जुंपणं हा यावरचा उपाय नाहीच.

मग माता-पालकांच्या सभेत विषय काढला. गावात नुकत्याच निवृत्त झालेल्या एक नर्सताई राहतात. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस, मधल्या सुट्टीच्या आगेमागे दोन तास शाळेत बसायचं कबूल केलं. शाळेनं प्रयोगशाळेशेजारची छोटी खोली दिली. एक खाट, एक पडदा, वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी, डोळे तपासायचा तक्ता, सॅनिटरी पॅड आणि एक कुलपाचं कपाट. औषधं आम्ही ठेवली नाहीत. औषध देणं हे डॉक्टरांचं आणि उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेचं काम. आपल्या मनानं गोळ्या वाटायच्या नाहीत, हा पहिला नियम.

आणि एक वही केली. मुलाचं नाव, इयत्ता, पथकाला काय आढळलं, चिठ्ठी कधी दिली, रुग्णालयात गेले का, नसतील तर का, पुन्हा कधी विचारायचं. बस्स, एवढेच रकाने. पण त्या 'नसतील तर का' या रकान्यानं आमचे डोळे उघडले. तिथली उत्तरं बघा. 'रुग्णालयाच्या वेळेला एसटी नाही.' 'वडील म्हणतात, चांगली धडधाकट आहे की.' 'कानातून पू येतो तो लहानपणापासूनच येतो.' 'मुलीला चष्मा लागला तर लग्न जमणार नाही.' 'दहावी झाल्यावर बघू.'

यातल्या एकाही कारणाला औषध लागत नाही. समजावणारं माणूस लागतं. एसटीची अडचण आम्ही पथकाच्या डॉक्टरांना सांगितली. त्यांनी चार-पाच मुलांना एकाच दिवशी बोलावलं, दोन आया सगळ्यांना घेऊन गेल्या. एकीचा रोज बुडाला तर चारजणींचा वाचला. चष्म्याच्या बाबतीत नर्सताईंनी त्या वडिलांना शाळेत बोलावलं, मुलीला तक्त्यापासून सहा मीटरवर उभं केलं आणि म्हणाल्या, "विचारा तिला, खालून तिसरी ओळ वाच म्हणून." तिला वरून तिसरी ओळही दिसत नव्हती. वडील गप्प झाले. याच मुलीला शेजारणीच्या वहीत बघून फळ्यावरचं उतरवते, म्हणून 'कॉपी करते' असा शिक्का बसला होता.

ती नववीतली मुलगी? तिच्या जास्त रक्तस्रावावर उपचार झाले, लोहाचा पूर्ण डोस सुरू झाला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर गेलं. अजून बारा व्हायचंय. वहीत तिच्या नावापुढं पुढची तारीख लिहिली आहे.

पडद्याआडच्या गोष्टी

खोलीला पडदा हवा, असं नर्सताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा आम्हाला तो उगीचचा खर्च वाटला होता. पण मुली बोलतात त्या पडद्याआडच. पाळीत कापड ओलंच वापरावं लागतं, कारण घरात वाळत घालायला जागा नाही. स्वच्छतागृहाला कडी नाही, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही आणि मग लघवीला जळजळतं. 'झोप लागत नाही, मेल्यासारखं वाटतं' असंही एखादी बोलून जाते. अशा मुलीला "काही होत नाही, अभ्यास कर" असं सांगून परत वर्गात पाठवायचं नसतं. तिच्याजवळ बसायचं, पालकांना बोलवायचं आणि डॉक्टरांपर्यंत न्यायचं. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलि-मानस हा १४४१६ क्रमांकही आहे, तिथं मोफत बोलता येतं. काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत, तिथं समुपदेशक असतात.

आणि एक फार जपून सांगायची गोष्ट. एखादं मूल कुणी अंगाला हात लावल्याचं, छळल्याचं सांगतं. ते गावात बभ्रा होईल म्हणून दाबून टाकायचं नसतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार कळल्यावर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा मुलांचा क्रमांक आहे. मुलाचं नाव मात्र कुठंही फुटता कामा नये.

नाव फुटू नये, ही गोष्ट साध्या आजारांनाही लागू आहे बरं का. एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी माइकवरून पुकारलं गेलं, "रक्त कमी असलेल्या मुलींनी पुढं या." पुढच्या वेळी तपासणीच्या दिवशी निम्म्या मुली गैरहजर! उवा, वजन, पाळी, फिट्स, यातलं काहीही चारचौघांत बोलायचं नाही. आमची वही म्हणूनच कुलपात असते.

चप्पल हुंगवू नका

शाळेतल्या जाणत्या माणसाचा आणखी एक उपयोग म्हणजे नको ते उपचार टळतात. फिट आलेल्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवायची, दातांत चमचा घालायचा, हे अजून सर्रास चालतं. यातलं काहीही करायचं नसतं. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या, मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले तर १०८ ला फोन. नाकातून रक्त आलं की आपण मान मागं करायला लावतो, तेही चूक. मान किंचित पुढं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. चक्कर आलेल्या मुलीच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, आडवं करून पाय थोडे उंच करायचे, भोवतीची गर्दी हटवायची. कुत्रं चावलं तर हळद-मिरची नाही; नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी रुग्णालय गाठायचं.

एवढं शाळेतल्या दोन शिक्षकांना आणि शिपाईमामांना येत असलं, तरी किती फरक पडेल!

कायमची व्यवस्था हवीच

मैत्रिणींनो, आमच्या नर्सताईंचं वय वाढतंय. त्या किती दिवस येणार? प्रत्येक गावात अशी निवृत्त सिस्टर कुठून मिळणार? चांगल्या मनाच्या माणसांवर चालणारं काम त्या माणसांबरोबर थांबतं. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत एक शिक्षक आणि एक शिक्षिका आरोग्यासाठी तयार करायची कल्पना आहे. ती चांगली आहे. पण शिक्षक तो शिक्षक आणि नर्स ती नर्स. एका शाळेला परवडत नसेल, तर जवळच्या चार-पाच हायस्कुलांत मिळून एक नर्स का असू नये? सोमवारी इथं, मंगळवारी तिथं. लीना रॉजर्स चार शाळा पायी फिरून सांभाळत होती.

हे मागायचं कुणी? आपणच. शाळेला नवा रंग, नवं फाटक, संगणक हवा असला की आपण वर्गणी काढतो, आमदारांना निवेदन देतो. नर्ससाठी निवेदन दिल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. पुढच्या पालकसभेत आपल्यापैकी एकीनं उभं राहून विचारलं, की "चिठ्ठ्या किती दिल्या आणि दवाखान्यात किती जण पोहोचले?", तर पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून सुरू होईल. बाकीच्या जणी माना डोलावतील. कारण त्यातल्या कुणाच्या तरी मुलाच्या कंपासपेटीत तशी एक चिठ्ठी आजही असेल.

पालकसभेत विचारायचे प्रश्न

१. यंदा आरोग्य पथक कोणत्या तारखेला येणार? त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांचं काय?

२. चिठ्ठ्या मिळालेल्या मुलांची नोंद शाळेत कुठं आहे, आणि पाठपुरावा कोण करतं?

३. निळी गोळी आठवड्याच्या कोणत्या दिवशी आणि खाल्ल्यानंतर दिली जाते का?

४. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची (टीडी) लस झाली का?

५. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी, पाणी आणि झाकणाची कचरापेटी आहे का?

६. प्रथमोपचार पेटी शेवटची कधी उघडून बघितली?

आणि घरी करायचं एक काम: आज संध्याकाळी मुलाचं दप्तर रिकामं करा. कंपासपेटीसुद्धा.